एमएससी आत्ताच करू का? आयसीयूतल्या एका सिस्टरचं पत्र

पत्र

मी २३ वर्षांची आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजातून बीएससी नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे. नऊ महिन्यांपासून पुण्यात १२० खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्ये मेडिकल आयसीयूत काम करते. हातात १९,००० येतात. शैक्षणिक कर्ज साडेतीन लाख बाकी आहे. बाबा शेती करतात, गाव अंबाजोगाईजवळ.

कॉलेजच्या मॅडम म्हणतात, "एका कॉलेजात मेंटल हेल्थची सीट आहे, लगेच एमएससीला बस, अनुभवाच्या सर्टिफिकेटचं बघू, नाहीतर मागे पडशील." मैत्रीण नॉरसेटचा, म्हणजे एम्सच्या नर्स भरतीच्या परीक्षेचा, अभ्यास करते. एक एजंट म्हणतो, चार लाख भरा, जर्मन भाषेची बी-वन पातळी झाली की सहा महिन्यांत जर्मनी. आई म्हणते, घराजवळ सरकारी नोकरी बघ, लग्नाचंही पाहायचं आहे. मला आयसीयूचं काम मनापासून आवडतं. शिकवण्याचं कधी डोक्यात आलं नाही. पण एमएससी न करता राहिले तर खरंच मागे पडेन का?

— गोंधळलेली सिस्टर, पुणे

उत्तर

प्रिय सिस्टर,

पत्रातलं तुझं एक वाक्य आम्ही दोनदा वाचलं: आयसीयूचं काम आवडतं, शिकवण्याचं डोक्यात नाही. बाकीची सगळी वाक्यं मॅडम, मैत्रीण, एजंट किंवा आई यांची आहेत, हे एक तुझं आहे. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

नाही, मागे पडणार नाहीस. आणि आत्ताच्या आत्ता एमएससीला बसणं तुला नियमानंही शक्य नाही. एमएससी नर्सिंगच्या प्रवेशासाठी नोंदणीकृत परिचारिका असणं, बीएससीला किमान ५५ टक्के असणं आणि बीएससीनंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव असणं, या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अटी आहेत. तुझे नऊ महिने झालेत. "सर्टिफिकेटचं बघू" याचा अर्थ तू जिथे कधी कामच केलं नाहीस अशा ठिकाणचं अनुभवपत्र. ते घेऊ नकोस. त्या कागदावरच्या तारखा आणि तुझ्या आत्ताच्या हॉस्पिटलच्या पीएफच्या नोंदी एकाच काळातल्या निघतील. आज प्रवेश देताना कोणी ते तपासणार नाही. पुढे सरकारी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत किंवा परदेशी नोंदणीच्या वेळी तपासतील आणि तेव्हा तुझा खरा अनुभवही संशयात येईल.

आता एमएससी नेमकी कशासाठी असते ते पाहू, कारण सगळा घोळ इथे आहे. आपल्याकडे बीएससी म्हणजे खालची पायरी आणि एमएससी वरची, असं सरसकट धरलं जातं. कामाच्या जागी ते तसं नाही. सरकारी रुग्णालयात एमएससी झालेली मुलगीही अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणूनच लागते, त्याच मूळ वेतनावर. पुढची परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका ही बढती मुख्यतः सेवाज्येष्ठतेनं होते. खासगी मोठ्या हॉस्पिटलांत नर्स एज्युकेटर किंवा सुपरवायझरच्या जागेसाठी एमएससीला महत्त्व आहे, पण तिथेही पहिला प्रश्न असतो, कुठल्या युनिटमध्ये किती वर्षं? जिथे या पदवीवाचून दारच उघडत नाही, ती जागा म्हणजे नर्सिंग कॉलेज. असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमएससी आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि पुढच्या प्रत्येक पदाला एमएससी गृहीतच आहे. म्हणजे ही प्रामुख्यानं अध्यापनाची वाट आहे. ज्यांना शिकवायचं आहे त्यांच्यासाठी ती फार मोलाची वाट आहे, आणि चांगल्या शिक्षिकांची आपल्याला निकड आहे. पण शिकवायचं नसलेल्या मुलीनं केवळ मागे पडू नये म्हणून त्या वाटेला लागणं म्हणजे दोन वर्षं आणि पैसा दोन्ही घालवणं.

पैशाचा हिशोब मांडून बघ. फी बाजूला ठेव, नुसता सोडलेला पगार धर: १९,००० गुणिले २४ म्हणजे ४,५६,०००. त्यावर दोन वर्षांची फी, वसतिगृह, प्रबंधाचा खर्च. याच काळात साडेतीन लाखांच्या कर्जावर व्याज चढत राहील. ते कर्ज १० टक्के दरानं सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता साधारण ५,८०० येतो. तुझा दर आणि हप्ते सुरू होण्याची तारीख बँकेतून लेखी घे. बहुतेक शैक्षणिक कर्जांत शिक्षण संपल्यावर वर्षभराची सवलत असते. ती संपत आली आहे का, हे तुला आजच माहीत असायला हवं.

मेंटल हेल्थच्या सीटबद्दल थोडं. एमएससीला पाच मुख्य विषय असतात: मेडिकल सर्जिकल, ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅक, चाइल्ड हेल्थ, मेंटल हेल्थ आणि कम्युनिटी हेल्थ. एकदा घेतलेला विषय आयुष्यभर चिकटतो. पुढे शिकवण्याची जागा, पीएचडीचा विषय, सगळं त्यावरून ठरतं. मानसिक आरोग्याचं नर्सिंग हे स्वतंत्र, अवघड आणि सन्मानाचं काम आहे. ज्यांना त्याची ओढ आहे त्यांनी बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत जाऊन ते शिकावं. पण तुझी ओढ व्हेंटिलेटरच्या पेशंटकडे आहे. तुझ्यासाठी विषय मेडिकल सर्जिकल, आणि त्यातली क्रिटिकल केअर ही उपशाखा. सीट उरली आहे हे विषय निवडायचं कारण होऊ शकत नाही.

पुढे कधी एमएससी करायची ठरवलीस तर कॉलेज असं पारख. शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजला मंजूर केलेली फी किती आहे ते बघ आणि कॉलेज मागतं ती रक्कम शेजारी लिही. त्या कॉलेजला त्याच विषयाची मान्यता या वर्षासाठी आहे का, ते कौन्सिलच्या यादीत तपास. कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये साध्या दिवशी सकाळी अकरा वाजता जा आणि खाटांवर पेशंट आहेत का ते पाहा. तपासणीच्या दिवशी भरलेल्या आणि इतर दिवशी मोकळ्या खाटांवर क्रिटिकल केअर शिकता येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार की गाइड एकावेळी किती जणींचे प्रबंध बघतात आणि एथिक्स कमिटीची परवानगी मिळायला किती महिने गेले. प्रबंध रखडतो तो बहुधा याच दोन ठिकाणी. आणि घरबसल्या, दूरशिक्षणानं एमएससी नर्सिंग करून देतो असं कोणी म्हटलं तर तिथेच थांब, ती पदवी कौन्सिल मानत नाही.

आयसीयूतच राहून शिकायचं असेल तर एमएससीखेरीज दोन वाटा आहेत आणि त्यांच्याबद्दल कॉलेजात फारसं कोणी सांगत नाही.

एक म्हणजे पोस्ट बेसिक डिप्लोमा. एका वर्षाचा, नोंदणीकृत परिचारिकांसाठी, साधारण एक वर्षाच्या अनुभवानंतर. क्रिटिकल केअर, इमर्जन्सी अँड डिझास्टर, कार्डिओथोरॅसिक, निओनेटल, ऑपरेशन रूम, ऑन्कोलॉजी अशा शाखा आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा ऑन्कोलॉजी नर्सिंगचा डिप्लोमा बऱ्याच जणींना माहीत असतो. खर्च कमी, वेळ निम्मा, आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी ड्युटीवर वापरता येतं.

दुसरी वाट नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. ही दोन वर्षांची पदव्युत्तर रेसिडेन्सी आहे. सुमारे ८० टक्के वेळ थेट आयसीयूत आणि २० टक्के थिअरी अशी तिची रचना आहे. बीएससीनंतर वर्षभराचा क्लिनिकल अनुभव, शक्यतो क्रिटिकल केअरचा, मागतात. तुझ्या आवडीला सगळ्यात जवळचा अभ्यासक्रम हाच. पण एक अडचण डोळ्यांआड करू नकोस. सरकारी भरतीच्या जाहिरातींत या पदवीसाठी वेगळं पद सहसा नसतं. त्यामुळे प्रवेशाआधी त्या हॉस्पिटललाच विचार: कोर्स झाल्यावर तुम्ही स्वतः या मुलींना कुठल्या पदनामावर आणि किती पगारावर घेता? मागच्या तुकडीतल्या दोघी-तिघींशी बोल. उत्तर गुळमुळीत आलं तर डिप्लोमा बरा.

आता नॉरसेट. आमचं स्पष्ट मत आहे की पुढची दोन वर्षं तू सगळा जोर इथे लावावास.

एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची ही सामाईक परीक्षा. पात्रता बीएससी नर्सिंग आणि परिचारिका-प्रसविका म्हणून नोंदणी, म्हणजे तू आजच पात्र आहेस. वयोमर्यादा १८ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत वेगळी. तुझ्या हातात सात वर्षं आहेत. वेतनस्तर ७, सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९००, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि नर्सिंग भत्ता. जागांमध्ये महिला आणि पुरुष ८०:२० असं प्रमाण असतं. अलीकडे परीक्षा वर्षातून साधारण दोनदा होते, दोन टप्प्यांत. पूर्वपरीक्षेला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं: ८० प्रश्न नर्सिंगचे, २० सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनाचे. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. गेल्या काही फेऱ्यांत २०-२० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला १८ मिनिटं, आणि वेळ संपला की मागच्या भागात परत जाता येत नाही, अशी रचना होती. हुशार मुली नेमक्या इथे आपटतात. पहिल्या भागात एका गणितावर सहा मिनिटं घालवतात आणि शेवटचे पाच सोपे प्रश्न न वाचताच हातातून जातात. सराव परीक्षा द्यायच्या तर त्या अशाच भागांत, घड्याळ लावून द्यायच्या.

तुझ्या नऊ महिन्यांचा इथे थेट उपयोग आहे. मुख्य परीक्षेत पेशंटची स्थिती देऊन "आधी काय कराल" असं विचारतात. जिनं एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना फोन केला आहे तिला हा प्रश्न पाठांतरानं सोडवावा लागत नाही. औषधांची गणितं घे. डोपामिन ४०० मिलिग्रॅम, २५० मिलिलिटरमध्ये. पेशंट ६० किलो, ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. पंप ताशी किती मिलिलिटरवर लावायचा? एका मिलिलिटरमध्ये १,६०० मायक्रोग्रॅम. लागतात मिनिटाला ३००, म्हणजे तासाला १८,०००. भागलं की ११.२५. तुमच्या युनिटमध्ये पंपाचा दर भिंतीवरच्या तक्त्यावरून लावत असतील, तर आजपासून आधी कागदावर स्वतः काढ आणि मग तक्ता बघ. रोजच्या ड्युटीत दोन गणितं झाली तरी परीक्षेपर्यंत शेकडो होतात.

अभ्यासाचं वेळापत्रक ड्युटीच्या चक्राप्रमाणे आख. नाईट असलेल्या आठवड्यात नवा धडा घेऊ नकोस, फक्त जुने प्रश्न सोडव. मॉर्निंगच्या आठवड्यात दुपारी दोन तास नवा भाग. ऑफच्या दिवशी एक पूर्ण सराव परीक्षा, आणि त्यातल्या चुकांची वही. रोज आठ तास वाचीन असं ठरवून बसलेल्या आयसीयूच्या मुलींचं वेळापत्रक पहिल्याच डबल ड्युटीला मोडतं आणि मग अपराधीपणात महिना निघून जातो. विषयांत मेडिकल सर्जिकल आणि प्रसूतिशास्त्र आधी पक्कं कर. कम्युनिटी हेल्थ तुला कंटाळवाणं वाटत असेल, पण लसीकरणाचं वेळापत्रक आणि राष्ट्रीय कार्यक्रम हे हमखास गुण देणारे भाग आहेत. नोकरी सोडून क्लास लावायचा मोह होईल. निदान पहिल्या प्रयत्नापर्यंत सोडू नकोस.

राज्याची भरती याच अभ्यासात बसते. वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि महापालिका अधिपरिचारिकांची भरती करतात. सातव्या वेतन आयोगात ही वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० आहे. नर्सिंगच्या जोडीला मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असते, म्हणून मराठी व्याकरणाचं एक पुस्तक घरी असू दे. इंग्रजीतून नर्सिंग शिकलेल्या मुली इथे विनाकारण गुण घालवतात. आईला हवी असलेली घराजवळची सरकारी नोकरी या रस्त्यानं येते. आणि अंबाजोगाईचं तर स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. एम्समध्ये मात्र पोस्टिंग नागपूरला मिळेलच असं नाही, गुणवत्ताक्रमावर दुसऱ्या राज्यात जावं लागू शकतं. ते आधीच घरी बोलून ठेव.

आरक्षणातून अर्ज करणार असशील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. राज्याच्या भरतीचं नॉन-क्रिमीलेअर आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही पाहावं लागतं. परीक्षा पास होऊन पडताळणीत बाद झालेल्या मुलींचं दुःख फार मोठं असतं, आणि कारण बहुतेक वेळा चुकीच्या नमुन्यातला किंवा मुदत संपलेला कागद एवढंच. सेतू केंद्रात आत्ताच जा, जाहिरात आल्यावर गर्दी होते.

सरकारी नोकरीत गेलीस म्हणजे एमएससीचा रस्ता बंद झाला असंही नाही. केंद्र सरकारच्या रजा नियमांत पाच वर्षांच्या सेवेनंतर २४ महिन्यांपर्यंत अभ्यास रजेची तरतूद आहे. ती हक्कानं मिळत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. पण नोकरी शाबूत ठेवून शिकता येतं. आज फी भरून, पगार सोडून जी पदवी घ्यायची, तीच आठ वर्षांनी रजेवर, अनुभवाच्या बळावर आणि आवडत्या विषयात घेता येऊ शकते.

समुदाय आरोग्य अधिकारी हाही गावाजवळचा पर्याय आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे उपकेंद्रावर, कंत्राटी पद. महाराष्ट्रात २५,००० मानधन आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत. आजच्या पगारापेक्षा जास्त, आणि गावात ते काम फार गरजेचं. पण तिथे रक्तदाब, मधुमेह, गरोदर माता, लसीकरण आणि बरंच ऑनलाइन नोंदी भरणं हे रोजचं काम. आयसीयूचा हात दोन वर्षांत सुटतो. तुझी आवड पाहता हा पर्याय आम्ही मागे ठेवू.

आता त्या एजंटचं. चार लाख देऊ नकोस. एक रुपयाही देऊ नकोस, आधी हे वाच.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते, आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक शोधता येतो. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो. चार लाख कुठल्या हिशोबानं? उत्तर बहुधा "भाषेचा क्लास, कागदपत्रं, प्रोसेसिंग" असं येईल. जर्मनीत बाहेरच्या परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी एक सरकारी गुणवत्ताचिन्ह आहे, आणि त्याचा पायाच असा की भरतीचा खर्च मालकानं करायचा, नर्सनं नाही. एजंटला विचार, ज्या जर्मन हॉस्पिटलसाठी तू माणसं घेतोस त्याच्याकडे किंवा तुझ्याकडे हे चिन्ह आहे का?

दुसरं, बी-वन पुरेसं आहे हे अर्धसत्य आहे. त्यावर काही मार्गांनी जाता येतं, पण पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळायला बहुतेक जर्मन राज्यांत त्यापुढची पातळी, बी-टू, लागते. शिवाय तुझी पदवी तिथल्या राज्याकडे तपासणीला जाते, कुठे तास कमी पडतात त्याचं लेखी उत्तर येतं, आणि ती तूट परीक्षा देऊन किंवा काही महिन्यांच्या प्रशिक्षणानं भरून काढावी लागते. तोपर्यंत तुला सहायकाचं काम आणि सहायकाचा पगार असतो. शून्यापासून बी-टू करायला ड्युटी सांभाळून दीड वर्ष धर. सहा महिन्यांत होतं असं सांगणाऱ्याला भाषा किंवा नर्सिंग, दोन्हींपैकी एक माहीत नाही.

तिसरं, आणि हे फार जणींच्या बाबतीत घडतं: करारावर "आउसबिल्डुंग" हा शब्द आहे का बघ. ते बारावी झालेल्या मुलांसाठीचं तीन वर्षांचं प्रशिक्षण आहे. बीएससी झालेल्या मुलीनं त्यात जाणं म्हणजे झालेलं शिक्षण विद्यावेतनावर पुन्हा करणं. तुझा रस्ता पदवीच्या मान्यतेचा आहे.

जर्मनी मनात असेलच तर स्वतःहून सुरू कर. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. ए-वनचा, म्हणजे पहिल्या पातळीचा, एक वर्ग लाव. तीन महिन्यांत कळेल की ही भाषा तुझ्या जिभेवर आणि ड्युटीत बसते की नाही. खर्च एजंटच्या चार लाखांपेक्षा खूप कमी राहतो आणि कोणाचं बंधन नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात आरोग्य क्षेत्रही आहे. त्याखालच्या सूचना शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाच.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनला आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ लागतात, किंवा त्याऐवजी ओईटी, ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. मग संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक. तिथली बाहेरून होणारी भरती अलीकडे बरीच मंदावली आहे. अमेरिकेची एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा, अभ्यासानं पास होता येते, पण भारतीयांची इमिग्रंट व्हिसाची रांग कित्येक वर्षांची आहे. आखाती देश सहसा दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि तुझं प्रत्येक कागदपत्र मूळ संस्थेकडून पडताळून घेतात. म्हणजे कुठेही जायचं म्हटलं तरी आधी आयसीयूची दोन चांगली वर्षं लागतातच. ती तू आत्ता कमावते आहेस, म्हणून ती नीट कागदावर येऊ देत.

हॉस्पिटल सोडताना अनुभवपत्रावर नुसतं "स्टाफ नर्स म्हणून काम केलं" एवढं लिहून घेऊ नकोस. विभागाचं नाव, आयसीयूच्या आणि हॉस्पिटलच्या एकूण खाटा, पूर्ण वेळ असल्याचा उल्लेख, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, सही करणाऱ्याचं पद आणि अधिकृत फोन, हे सगळं हवं. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या पावत्या आणि बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी जपून ठेव. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलमध्ये जमा असतील तर परत माग. नोकरीसाठी साक्षांकित प्रती पुरतात. कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे प्रत्येक विषयाचे थिअरी आणि क्लिनिकलचे तास दाखवणारा कागद, आत्ताच काढून घे. पाच वर्षांनी तिथले क्लार्क बदललेले असतात आणि रजिस्टर सापडत नाहीत. रजिस्ट्रेशनचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या नर्सिंग प्रशिक्षणाचे, गुण लागतात. हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं त्या फाइलला लाव.

वर्ष पूर्ण झालं की हॉस्पिटल बदलण्याचा विचार जरूर कर. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की १०० ते २०० खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार राज्य सरकारच्या पगारापेक्षा १० टक्क्यांहून कमी नसावा. तो कायदा झालेला नाही, पण १९,००० हे तुझ्या कामाचं मोल नाही, हे तुला माहीत असावं. मुलाखतीत तूही विचार: व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे नर्स किती? नवीन मुलीला एकटीनं पेशंट द्यायच्या आधी किती दिवस जोडीनं ठेवता? बीएलएस, एसीएलएस या जीवरक्षक उपचारांच्या कोर्सचा खर्च कोण करतं? (ही प्रमाणपत्रं दोन वर्षं चालतात, म्हणून अर्ज करायच्या सुमारास घे.) बाँड असेल तर त्याची रक्कम आणि मुदत वाचल्याशिवाय सही नको. दोन व्हेंटिलेटर आणि वर एक साधा पेशंट एकाच सिस्टरकडे देणाऱ्या युनिटमध्ये पगार दोन हजार जास्त असला तरी जाऊ नकोस. तिथे शिकणं होत नाही, चुका मात्र तुझ्या नावावर लागतात.

आणि शिकवणं खरोखर नको आहे का, हे एकदा पारखून पाहा. तुमच्या आयसीयूत विद्यार्थिनींची पोस्टिंग येत असेल. त्यातल्या एकीला आठवडाभर जवळ ठेव. सक्शन (नळीनं कफ ओढणं) का करायचं, आधी ऑक्सिजन का वाढवायचा, कधी थांबायचं, हे तिला सांगून करवून घे. आठवड्याअखेर तुला तिच्याकडून काम नीट झाल्याचं समाधान वाटलं, तर दोन-तीन वर्षांनी मेडिकल सर्जिकलच्या एमएससीचा विचार आनंदानं कर. ओझं वाटलं, तर मॅडमना दिलेला नकार बरोबर होता.

मॅडमशी संबंध तोडू नकोस, ट्रान्सक्रिप्टला त्यांचीच सही लागेल. त्यांना एवढंच सांग: "मॅडम, अजून वर्ष व्हायचंय, आणि घेईन तर मेडिकल सर्जिकलच घेईन."

लग्नाबद्दल आम्ही एकच कामाची गोष्ट सांगू. नर्सिंगमध्ये नाव ही मोठी अडचण होऊन बसते. दहावीची गुणपत्रिका, पदवी, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार, पासपोर्ट, या सगळ्यांवरचं नाव आणि इंग्रजी स्पेलिंग आज एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून बघ. एका अक्षराचा फरक असेल तर आत्ताच दुरुस्त कर, तुझी सरकारी नोकरी लागायच्या आधी. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं ठरलं तर राजपत्रात प्रसिद्ध करून घे आणि पहिल्यांदा रजिस्ट्रेशनवर बदल, मग बाकी ठिकाणी. आणि स्थळ बघायला येणाऱ्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाक की नाईट ड्युटी असते, आणि पोस्टिंग महाराष्ट्राबाहेरही होऊ शकतं.